खंडेनवमीचा लॅपटॉप

आमचे हे जन्माचे भित्रे. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत अख्खी नोकरी काढली, पण घरातला गॅस बंद आहे की नाही हे बघायला अजूनही अर्ध्या जिन्यातून परत येतात. फॅक्टरीतले लोक आदराने विष्णुपंत म्हणायचे. मी मनातल्या मनात घाबरटपंत म्हणते.

खंडेनवमीला मात्र यांना भलताच उत्साह चढतो. फॅक्टरीत त्या दिवशी लेथ मशीनला झेंडूचा हार घालून पूजा व्हायची. रिटायर झाल्यापासून घरातला पाना, स्क्रू ड्रायव्हर, माझं शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. यंदा यांनी सूनबाईचा लॅपटॉपही पाटावर बसवला.

त्याला कारण होतं. नात राजसी झाली तेव्हा अनुयाने नोकरी सोडली होती. पोर शाळेत जायला लागल्यावर तिने पुन्हा अर्ज करायला सुरुवात केली, पण वर्षभर कुणी साधा फोन केला नाही. अखेर सिंगापूरच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं, तीही लॅपटॉपवरच, खंडेनवमीच्या दुपारी. सिंगापूरला खंडेनवमी कुठली ठाऊक!

अनुया केस धुवायला गेली तेवढ्यात यांनी पाटावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, त्यावर माऊस ठेवला, शेजारी लॅपटॉप उघडाच. अक्षता वाहिल्या, फूल बुडवून पाणी शिंपडलं. तिला हे असलं आवडायचं नाही, म्हणून सगळं गुपचूप. मग घाईघाईने पुसून वस्तू जिथल्या तिथे ठेवल्या.

मी खीर ढवळत होते. हे दारात येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"अगं, गेला."

माझ्या हातातला डाव पडला. "कोण गेला?"

"लॅपटॉप. किती वेळ माऊस हलवतोय, जागाच होत नाही. पाणी गेलं बहुतेक आत."

गॅस बारीक करून मी धावले. पडदा काळाकुट्ट. "अहो, एखादं बटण दाबून बघा की!"

"नको, नको! तिने बजावलंय, झोपला असेल तर नुसता माऊस हलवा, बटणांना हात लावू नका."

तेही खरंच. मे महिन्यात यांनी काहीतरी दाबलं आणि राजसीच्या वाढदिवसाचे सगळे फोटो गायब झाले. तेव्हापासून हे त्या बटणांपासून हातभर लांब. यांनी माऊसचा सेल काढून लेंग्याला घासला. टीव्हीच्या रिमोटमधला घालून पाहिला. लॅपटॉपला खोचलेला माऊसचा नखाएवढा तुकडा काढला, फुंकला, परत खोचला. काही नाही. "कॅम्प चारच्या बाजारात एक शेठ लॅपटॉप दुरुस्त करतात, रिक्षाने जातो," असं म्हणत चप्पल शोधायला लागले.

तेवढ्यात अनुया बाहेर आली.

"मी हात नाही लावला," हे म्हणाले. कुणी विचारलंही नव्हतं.

तिने एक बटण दाबलं आणि पडदा उजळला. हे मटकन खुर्चीत बसले. पण माऊसचा बाण काही हलेना. तिने माऊस उलटा केला. खालचं उजेडाचं छिद्र कुंकवाने बुजून लालभडक झालं होतं. यांनी नुसती वरचीच बाजू पुसली होती.

"बाबा, पूजा केलीत?"

"तुला ही नोकरी मिळावी म्हणून गं..." हे पाटाकडे बघत म्हणाले.

आता ही भडकणार, असं मला वाटलं. पण ती कापसाने छिद्र पुसत राहिली.

"सकाळपासून मीही घाबरलेय," ती म्हणाली. "मला सांगितलं असतंत तर मीही फूल वाहिलं असतं. बाबा, इथेच बसाल? कॅमेऱ्यात दिसणार नाही असे?"

नोकरी लागल्याचं पंधरा दिवसांनी कळलं. पण मला आठवते ती मुलाखत. हे टेबलाच्या पायाशी, त्याच पाटावर बसलेले. अनुया पडद्याकडे बघून इंग्रजीत भराभर बोलत होती, आणि तिचा डावा हात यांच्या खांद्यावर घट्ट रोवलेला. मी दारात उभी होते. मधेच खीर करपल्याचा वास घरभर सुटला. मीच पळत जाऊन गॅस बंद केला. हे जागचे हलले नाहीत.