हनुवटीपाशी परत येणारा हात

नांदेडला मी सकाळी ज्या मैदानावर फिरायला जातो, तिथे एक बाई मुलींना बॉक्सिंग शिकवतात. चाळिशीच्या असाव्यात. नाक डावीकडे कललेलं. नाव मी कधी विचारलं नाही. नव्या मुलीला त्या काखेत रुमाल धरायला देतात. ठोसा सुटायच्या आधीच कोपर बाहेर गेलं की रुमाल पडतो. त्या ओरडत नाहीत, रुमाल उचलून पुन्हा काखेत ठेवतात.

एकदा एका मुलीचे चुलते मोटारसायकल घेऊन थेट मैदानात आले.

"ताई, पोरीचं तोंड फुटलं तर लग्न कोन करंल हिच्याशी?"

मुली थांबल्या. बाईंनी स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं.

"माझा हात परत यायला उशीर झाला, म्हणून हे असं झालं, काका. हिला मी आधी तेच शिकवून राहिले. ठोसा मारला की हात लगेच हनुवटीपाशी आणायचा."

"मग मार न्हाई खायची ती?"

"खाईल की. कमी खाईल."

चुलते मैदानाच्या कडेच्या पायरीवर बसून राहिले आणि सराव संपल्यावर पुतणीला घेऊन गेले. ती आता येणार नाही, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती आली, एकटीच, चालत. बाईंनी तिची मूठ हातात घेतली आणि आत दुमडलेला अंगठा बाहेर काढून बोटांवर ठेवला.