झोप कुठं लागली?

मोताळ्याचा बाजार करून मी बसस्टँडवर बसले होते. शेजारी चाळिशीचा एक माणूस येऊन बसला. शर्टाला कडक इस्त्री, हातात लिहिलेले कागद.

"आजी, म्या लिहिलेली गोष्ट ऐकता का? झोप आली तं खुशाल झोपा. फक्त कुठी आली ते सांगजा."

"काऊन, घरी कोनी नाही का ऐकाले?"

"बायको सारंच चांगलं म्हनते. झोपलेला मानूस खोटं बोलत नाही."

मी चौथी शिकलेली, गोष्टी वाचत नाही. तरी ऐकलं. एक पोरगी सासर सोडून भल्या पहाटे निघते. नदीपाशी येते, तर नदीला पूर. मग आभाळाच्या रंगांचं वर्णन सुरू झालं आणि माझी मान कलंडली. जाग आली तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता.

"दिवस उगवला तेथी लागली," मी सांगितलं.

त्याने तेवढा भाग खोडला. म्हणाला, दिवाळी अंकाला गोष्ट पाठवायला उद्याचाच दिवस आहे. आधीच्या सगळ्या परत आल्या. पाठवायची हिंमत होत नाही.

"मंग नको पाठवू. कोनी जबरी केली तुले?"

तो कागदांची घडी घालू लागला. तेवढ्यात माझी बस लागली. आत जागा धरली आणि खिडकीतून ओरडले, "काऊन बे, ते पोरगी नदीपल्याड गेली का नाही?"

तो पहिल्यांदाच हसला. "नाही सांगत, आजी. पाठोतोच आता."

बस निघाली. घरी येईपर्यंत मला त्याचा राग येत होता.