चिमटेमामांचे खण

छापखान्यात त्यांना सगळे चिमटेमामा म्हणायचे. अक्षरांचे खिळे उचलायचा चिमटा शर्टाच्या खिशात दिसला नाही, तर माणूस अंघोळीला गेलाय असं खुशाल समजावं. जन्मभर त्यांनी शिशाचे खिळे जुळवले. मग शिसं वितळवायला गेलं, त्याच्या जागी कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासमोर मामांची सख्खी भाची बसली. तिला काम मिळालं याचा त्यांना आनंद होता, आपलं गेलं याचं दुःखही होतं, आणि दोन्हींतलं एकही लपवणं त्यांना जमायचं नाही. रोज वेळेवर येत, खिडकीशी बसत, कुणी न मागितलेली प्रुफं वाचत. शेवटी मालकीणबाईंनी आवाज मऊ करून सांगितलं, "मामा, पुढच्या महिन्यापासून आराम करा." ज्याने आराम कधी केलाच नाही, त्याला ही शिक्षाच की.

इकडे कॉम्प्युटरचंही काही खरं नव्हतं. भाचीने हौसेहौसेने दिसेल तो फॉन्ट त्यात भरला होता. वर घड्याळ, कॅल्क्युलेटर, चिठ्ठ्यांची वही अशी खेळणीही जोडली होती. यंत्र सुरू होईस्तोवर चहा पिऊन व्हायचा आणि ऐन कामात पडदा गोठायचा. शाळेचं गणिताचं पुस्तक त्यापायी अडून बसलं होतं. अशात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने फ्लॉपीवर एक नवा प्रोग्रॅम आणून दिला. फॉन्ट आणि खेळणी यंत्राच्या पोटात कोंबायची नाहीत, बाहेर गठ्ठे करून ठेवायची. लागेल तो गठ्ठा उघडायचा, काम झालं की मिटायचा.

भाची तो लावून बघत होती. मामा मागे येऊन उभे राहिले.

"हे तर आपलं खिळ्यांच्या खणांचं कपाट," ते म्हणाले. "सगळे खण एकदम टेबलावर काढले, तर जुळाऱ्याने बसायचं कुठे?"

"मी तेच करत होते," भाची म्हणाली. "बसा इथे. गठ्ठे तुम्हीच लावा. हे नीट चाललं, तर मालकीणबाईंशी मी बोलते."

मामा बसले. माउस त्यांनी अंडं धरावं तसा धरला. पण खण कसे लावायचे हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मजकुराचा एक, मथळ्यांचा एक, गणिताच्या चिन्हांचा तिसरा. यंत्र पुन्हा सुरू केलं, तर चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत तयार. हवे ते गठ्ठे उघडून पुस्तकाची पानं छपाईला सोडली. पहिलं पान झकास आलं आणि भाची ते घेऊन मालकीणबाईंकडे पळाली.

मामा एकटे उरले. पडद्यावरचं काम तर झालेलं दिसत होतं. आणि जुळाऱ्याचा नेम असा, की काम झालं की खिळे खणात. पसारा टाकून उठणाऱ्याला त्यांनी आयुष्यभर फैलावर घेतलं होतं. त्यांनी एकेक करून सगळे गठ्ठे मिटले. वर फडक्याने टेबलही पुसलं.

पण पुढच्या पानांची छपाई अजून चालूच होती आणि तिला ते गठ्ठे उघडे लागत होते; ती पानं बाहेर आली ती ओबडधोबड अक्षरांत. चिन्हांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. नेमक्या त्याच वेळी मालकीणबाई दारात.

मामा ती पानं हातात घेऊन उभे राहिले. तरुणपणी एकदा जुळवलेलं पान हातून निसटलं होतं आणि शिशाचा सडा गोळा करताना रडू आलं होतं. "मीच मिटले," ते म्हणाले. "काम झालं असं वाटलं. हिचा काही दोष नाही."

भाचीने गठ्ठे पुन्हा उघडले. पडद्यावरचं पान जसंच्या तसं उभं राहिलं.

मामांनी काचेवर बोट टेकवलं. "म्हणजे सांडलं नाही?"

"इथे सांडत नाही, मामा."

त्यांचे डोळे भरून आले. मालकीणबाईंनी एकदा भाचीकडे बघितलं, एकदा मामांकडे. "ही उघडते आणि मिटायचं विसरते. तुम्ही मिटता, पण दम धरत नाही. दोघं मिळून एक शहाणं माणूस होईल," त्या म्हणाल्या. "आरामाचं राहू द्या. खण आजपासून तुमच्याकडे."

छपाई पुन्हा सुरू झाली. शेवटचं पान बाहेर पडेपर्यंत चिमटेमामा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.