पाकीट मी दाखवलं होतं

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही भोसरीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. हे एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर कामाला होते. एके दिवशी प्रेसमध्ये यांचा उजवा हात सापडला. दोन बोटं गेली. ऑपरेशननंतरही दुखणं काही केल्या थांबेना, तेव्हा हॉस्पिटलातल्या सर्जननी जोरदार गोळ्या लिहून दिल्या. अफूपासून केलेल्या असतात, मनाने वाढवू नका, असं बजावलंही.

दुखणं कमी झालं, पण भीती बसली ती बसलीच. रस्त्यावर कुणी पत्रा टाकला तरी हे दचकून हात पोटाशी धरायचे. म्हणून मी यांना गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. माझ्या मुलांची सगळी दुखणी त्यांनीच बरी केलेली. मला ते वहिनी म्हणायचे. त्यांनी मन शांत करणाऱ्या गोळ्या दिल्या. मी पिशवीतून आधीच्या गोळ्यांचं पाकीट काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"डॉक्टर, या चालू आहेत. दोन्ही बरोबर चालतील ना?"

त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून वाचलं. "चालतील, वहिनी. उलट चांगली विश्रांती मिळेल."

हे शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून, दोन्ही गोळ्या घेऊन हे आडवे झाले. लगेच झोप लागली म्हणून मला बरं वाटलं. मुलांना गप्प बसवून मी भांडी घासायला गेले. परत आले तर घोरणं वेगळंच येत होतं. एकदा घुर्र व्हायचं आणि पुढचा श्वास येतच नव्हता. ओठ निळे पडलेले. मी हलवलं, गालावर मारलं, पाणी शिंपडलं. पापणी हलली नाही.

माझी हाक ऐकून शेजारचे गॅरेजवाले मिस्त्री धावत आले. "भाभी, बाजूला व्हा," म्हणत त्यांनी यांना उचललं आणि टेम्पोत घातलं. मी पिंपरीच्या रस्त्यावर सारखी यांच्या कानात ओरडत होते, श्वास घ्या, श्वास घ्या.

दवाखान्यात यांना ऑक्सिजन लावला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाकिटं पाहिली.

"या एकत्र कुणी दिल्या? दोन्हींनी श्वास मंदावतो. माणूस झोपेतच जातो."

हे वाचले. घरी आल्यावर मी गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे माझं ऐकून घेतलं.

"वहिनी, कुठलं पाकीट? तुम्ही मला काही दाखवलंच नाही. दाखवलं असतं तर मी दिल्या असत्या का?"

बाकावरचे पेशंट माझ्याकडे बघायला लागले. बायकोनेच घोटाळा केला, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी घरी येऊन यांना म्हटलं, "तुम्ही तर तिथेच होतात. चला, सांगा त्यांना."

हे हाताची पट्टी सारखी करत म्हणाले, "मला नीट आठवत नाही. आणि अडीअडचणीला तेच येतात आपल्याकडे. जाऊ दे ना."

मी पाकीट दाखवलं त्या दिवशी डॉक्टरांकडे किती गर्दी होती, हे यांनी आदल्याच संध्याकाळी मिस्त्रींना सांगितलं होतं.

हे पुढेही त्याच डॉक्टरांकडे जात राहिले. मुलं आजारी पडली की मी त्यांना बसने पिंपरीच्या दवाखान्यात न्यायची. यांची पट्टी बदलली, यांना भरवलं, सगळं केलं. पण माझ्या बाजूने हे बोलतील, असं धरून चालणं मात्र मी सोडून दिलं.