आनंदराव पहाटे लिहायला बसतात

सणसरच्या आनंदरावांनी कारखान्यातल्या अख्ख्या नोकरीत एक वाक्य न कंटाळता म्हटलं होतं, "रिटायर झालो की लिहिणार." मग ते रिटायर झाले. पहिलं वर्ष थकवा घालवण्यात गेलं, दुसरं चांगलं पेन शोधण्यात. तिसऱ्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं, की लेखक व्हायला आता फक्त लिहिणंच तेवढं राहिलंय.

घाई झाली ती सुधाताईंमुळे. लेकीच्या, प्राचीच्या बाळंतपणासाठी त्या रविवारी पुण्याला निघणार होत्या आणि काही महिने परतणार नव्हत्या. बॅग भरता भरता त्या म्हणाल्या, "गच्चीचा जिना अर्धा, खुराड्याला दार नाही. तुमचा संसार तेवढा पुरा झाला, कारण तो मी केला."

हे आनंदरावांना लागलं. बायको गाडीत बसायच्या आत एक गोष्ट शेवटपर्यंत लिहायची आणि तिला वाचून दाखवायची, असं त्यांनी ठरवलं. गोष्ट हिमालयातल्या एका संन्याशाची होती. आनंदरावांनी हिमालय कॅलेंडरवर पाहिला होता.

दिवसा माणसांची ये-जा, म्हणून पहाटे चारला उठायचं. आजवर सातच्या आत न उठलेला हा माणूस मंगळवारी खरंच उठला. अंघोळीशिवाय सरस्वतीला हात लावणं बरं नव्हे. गिझर लावावा तर त्याच्या घरघरीनं शेजारच्या खोलीतले तात्या, म्हणजे नव्वदीचे वडील, जागे होणार. म्हणून त्यांनी अंगणातला दिवा लावला, तीन दगड मांडून चूल पेटवली आणि लग्नकार्यातलं मोठं पातेलं पाणी भरून वर चढवलं.

ज्या घरात नव्वदीचं माणूस आहे, त्याच्या अंगणात अवेळी चूल पेटली आणि पाणी तापायला लागलं, की आपल्याकडे त्याचा अर्थ एकच. आनंदरावांचे शाळेपासूनचे दोस्त हारिस मुलाणी डेअरीला दूध घालायला निघाले होते. त्यांनी तो अर्थ लांबूनच काढला. मोटारसायकल थांबवून डोळे पुसले आणि फोन लावायला घेतले.

आनंदराव अंघोळ आटपून बाहेर आले तर अंगण भरलेलं. डोक्यावर टॉवेल, नजर जमिनीवर, कुणी बोलेना. अशा वेळी 'कोण गेलं' असं विचारायचं नसतं, एवढी रीत आनंदरावांना ठाऊक होती. आळीतलं कुणीतरी गेलेलं दिसतंय, असं समजून त्यांनीही डोक्यावर टॉवेल घेतला आणि ओळीत जाऊन बसले.

हारिसभाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "लई सोसलं त्यांनी."

"व्हय," आनंदराव म्हणाले. कुणी सोसलं ते उजाडल्यावर कळेलच.

"पर मरण सोन्यासारखं आलं."

"व्हय," म्हणताना आनंदरावांचे डोळे खरोखर भरून आले.

"बांबू आणाय धाडलंय. तू कशाची काळजी करू नगं."

तेवढ्यात काठी टेकत तात्या बाहेर आले. मंडळी बघून त्यांनीही मान खाली घातली. हारिसभाईंनी वर न बघता सरकून जागा दिली, तिथं ते बसले. नव्वदीच्या माणसाला मात्र रीत माफ असते. जरा वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं रं, हारिस?"

हारिसभाईंनी वर पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुमीच, तात्या!"

मग उजाडेपर्यंत खुलासे चालले. आनंदराव लिहायला उठले होते, हे ऐकून मंडळी मघापेक्षाही गंभीर झाली.

दुसऱ्या दिवशी आनंदरावांनी गार पाण्यानं अंघोळ केली आणि आवाज न करता टेबल गाठलं. तात्या शेजारच्या खुर्चीवर आधीच येऊन बसले होते.

"कळंबचा बापू आला न्हाय माझ्या मौतीला," तात्या म्हणाले. "हारिसनं फोन केला हुता त्याला. त्याच्या बापाच्या येळंला मी उन्हाचा सायकल मारत गेल्तो."

"तात्या, तुम्ही जिवंत आहात."

"ते त्याला कुठं म्हाईत हुतं?"

संन्यासी हिमालयातच राहिला. तात्या रोज पहाटे हजर. कोण आलं, कोण नुसतंच टॉवेल घेऊन आलं, कुणाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कुणाच्या डोळ्यांत झोप, सगळं त्यांनी टिपलं होतं. आनंदरावांना दुसरं काही सुचू देईनात, तेव्हा आनंदरावांनी तेच लिहायला घेतलं. शनिवारी पहाटे गोष्ट संपली. ती खरंच संपलीय ना, म्हणून त्यांनी शेवटचं पान दोनदा उलटून पाहिलं.

रविवारी दारात हारिसभाईंची चारचाकी उभी. आनंदरावांनी सुधाताईंना स्वयंपाकघरात गाठलं आणि वाचायला सुरुवात केली. सुधाताई आधी उभ्यानं ऐकत होत्या, मग बॅगेवर बसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या. एकदा तर डोळे पुसले. आनंदरावांचा आवाज चढत गेला.

"झाली," ते म्हणाले.

"पुरी?"

"पुरी."

"कशाची पुरी? एवढी माणसं उजाडेपर्यंत बसली, त्यांना चहा कुणी दिला? परसात अंधारात चाचपून गवती चहा तोडला मी. पात लागून बोट कापलं. हे बघा. ते कुठंय यात?"

आनंदरावांनी पानं चाळली. अख्ख्या गोष्टीत सुधाताई कुठंच नव्हत्या.

बाहेर हॉर्न वाजला.

"हारिसभाई, थांबा जरा!" सुधाताई दाराकडं तोंड करून ओरडल्या आणि बॅगेवरच मांडी घालून बसल्या. "घ्या पेन. लिहा. सगळ्यात आधी मी विचारलं, बिनसाखरेचा कुणाकुणाला?"