यशोदेचं मरण रुद्रम्मांना पटलं नाही

अठ्ठावीस वर्षं मी मुलींना मराठी शिकवलं. कथानक, आशय, पात्रांचे स्वभाव यांवर फळे भरभरून लिहिले. निवृत्तीच्या समारंभात एका मुलीने विचारलं, "बाई, तुमचे गुरू कोण?" मी म्हटलं, "नळदुर्गच्या रुद्रम्मा. शेंगा फोडायच्या." सभागृहात हशा पिकला. त्या हशाचा मला राग आला होता, तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

निजामाच्या राज्यातलं चव्वेचाळीस साल. सोलापुरात सातवीपर्यंत शिकून मी सून म्हणून नळदुर्गला आले. सासरे महालिंगप्पा भुईमुगाच्या शेंगांचे व्यापारी. कार्तिकापासून पौषापर्यंत घरामागच्या आवारात शेंगांचे ढीग पडायचे आणि पंधरा-वीस बायका त्या हाताने फोडायला बसायच्या. एक दाणा टोपलीत आणि एक तोंडात, हा त्यांचा हिशेब सासऱ्यांना सोसवत नव्हता. एक दिवस ते मला म्हणाले, "सूनबाई, तुला वाचायची लई हौस हाय नव्हं? मग ह्यांला वाचून दाखीव. कान गुंतले की तोंड थांबतंय."

मला काय, आंधळा मागतो एक डोळा! गावात शाळा उर्दू. चार पुरुष मराठी पुस्तक उघडून बसले तर ठाण्यातला जवान येऊन विचारायचा, "जलसा कशाचा? परवानगी कुठं हाय?" बायका शेंगा फोडत बसल्या तर त्याला त्यात सभा-जलसा दिसायचा नाही. सोलापूरहून माझा भाऊ कादंबऱ्या पाठवायचा. रामकिसन गाडीवान त्या रिकाम्या बारदानात गुंडाळून सरहद्दीच्या नाक्यावरून बिनबोभाट आणायचा. आमचा वाचनवर्ग असा सुरू झाला, आणि खरं सांगते, तसा वर्ग मला पुढे कुठल्याच शाळेत मिळाला नाही.

रुद्रम्मा तेव्हा पन्नाशीच्या. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे निम्मं कानडी, निम्मं मराठी. विसाव्या वर्षी नवरा गेला. शेंगा फोडून, दुसऱ्यांची जनावरं सांभाळून त्यांनी दोन मुलं वाढवली. अक्षर एक येत नव्हतं. पण वाचता वाचता माझा आवाज कुठे घसरला, लेखकाने कुठे वेळ मारून नेली, हे त्यांना ताबडतोब कळायचं. मग त्या हात वर करून म्हणायच्या, "थांब."

एका कादंबरीचा नायक घोड्यावर तीन दिवस दौडत होता. "थांब. घोड्याला पानी कुठं पाजलं?" मी पानं चाळली. घोड्याला पाणी कुठेच पाजलं नव्हतं. दुसऱ्या एका गोष्टीत सासू सुनेचा छळ करत होती आणि सगळ्या बायका त्या म्हातारीच्या नावाने बोटं मोडत होत्या. रुद्रम्मा म्हणाल्या, "म्हातारीला खायाला कोन घालतंय ते बघा आधी. तिच्या ल्योकाच्या जिवावर ती जेवती. त्याच्या मनात नसतं तर तिची काय बिशाद व्हती?" पुढे शंभर पानांनी लेखकालाही तेच म्हणावं लागलं. सुरुवातीला मला या थांबण्याचा संताप यायचा. दोन महिन्यांत माझं असं झालं की प्रकरण संपलं की मी आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची.

या बायकांची एक रीत होती. त्यांच्यासाठी पुस्तक म्हणजे पोथी. नवी कादंबरी उघडली की तिला विभूती लावायची, फूल वाहायचं, आणि प्रत्येकीने मनात एक प्रश्न धरायचा. गोष्टीत शेवटी जे होईल, तो आपल्याला मिळालेला कौल. श्रावणात पोथी लावताना हेच चालायचं, ते त्यांनी कादंबरीलाही लावलं. मला गंमत वाटायची. सातवी शिकलेली मी, पण हे धोक्याचं आहे असं एकदाही मनात आलं नाही. माझीच चूक, ती मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

त्या पौषात जी कादंबरी लागली, तिची नायिका यशोदा. नवरा मुंबईला जातो, तिथे दुसरी बाई ठेवतो. यशोदा पाच वर्षांच्या मुलीला घेऊन दिराच्या दारात दिवस काढते. दीर तिच्यावर नाही नाही ते आळ घेतो. शेवटच्या पानावर यशोदा पहाटे उठते आणि वाड्याच्या विहिरीत उडी घेते. खाली लेखकाने लिहिलं होतं, अशा अभागिनीला दुसरा मार्ग तरी कोणता? ते वाचताना मीही रडले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्या दिवशी एकीनेही दाणा तोंडात टाकला नाही, म्हणून सासरे तेवढे खूश होते.

आमच्यात जगदेवी नावाची एक होती. बावीस-तेवीस वर्षांची. तिचा नवरा सोलापूरच्या गिरणीत गेला आणि तिथेच दुसरा संसार थाटून बसला होता. ती मुलीला घेऊन भावाकडे राहायची, आणि भावजयीचं बोलणं काही गोड नव्हतं. वाचन संपल्यावर जगदेवी कुणाशी न बोलता निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रुद्रम्मा तिच्या दंडाला धरून तिला आवारात घेऊन आल्या. त्यांच्या दुसऱ्या मुठीत लहान मुलीचे चांदीचे वाळे होते.

"हे बघ उमाक्का," त्या मला म्हणाल्या, "ही बया माझ्या घरी आली, पोरीचे वाळे माझ्या हातात दिले, आन म्हनली, मावशी, माझ्यामागं हिला संभाळा. म्या इचारलं, तू कुठं चाललीस? तर म्हनती, पोथीत निघालंय."

जगदेवी खाली बघत म्हणाली, "म्या मनात धरलं व्हतं. माझं पुढं काय व्हनार म्हून. यशोदेचं आन माझं समदं सारखंच हाय. नवरा तसाच, पोरगी तेवढीच. मग शेवट येगळा कसा व्हईल? लिहिलंय ते चुकतंय व्हय?"

मी घाईघाईने समजावू लागले की ही पोथी नाही, नुसती गोष्ट आहे. ती ऐकेना. ऐकेल कशी? विभूती लावली तेव्हा मीच समोर बसून हसत होते. एवढ्यात सासरे आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि भर घातली, "पर सूनबाई, छापलेलं खोटं कसं असंल? कुनीतरी तपासूनच छापलं असंल की."

"मग आता म्या तपासते," रुद्रम्मा म्हणाल्या. "उमाक्का, किताब आन. बायांनो, हात चालू द्या, कान हिकडं."

त्यांनी मांडी घातली आणि मला पानं काढायला लावली. पानांचे आकडे त्यांना कुठून येणार? त्या म्हणायच्या, "रामकिसनच्या बैलाच्या पायाला खडा लागला, त्या दिशी वाचलं ते काढ." मी काढलं. यशोदा घागर घेऊन नदीवर जाते, कारण चैत्रातच वाड्याची विहीर आटली आहे. "आता शेवट काढ. म्हयना कोनता?" मी वाचलं, वैशाख. मध्ये पाऊस? कुठेही नाही. रुद्रम्मांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "चैत्रात हिरीत घागर बुडंना, आन वैशाखात बाई बुडली?"

सासरे दाराला टेकून उभे होते, ते पुढे आले. "आरं व्हय की," ते म्हणाले, "गाळातच पडली असंल."

"आता मरायच्या आदल्या सांजचं वाच." मी वाचलं. यशोदा शेजारणीकडून चमचाभर ताक मागून आणते, दूध कोमट करते आणि विरजण लावते. लेखकाने हे फार सुंदर लिहिलं होतं, तिची बोटं, भांड्यावर झाकलेली ताटली, सगळं. रुद्रम्मा जगदेवीकडे वळल्या. "तू सांग. सांजला इरजन लावती ती बाई पहाटं मरायला जाती व्हय? इरजन कशापायी लावत्यात?"

"सकाळी पोरीला दही व्हावं म्हून," जगदेवी हळूच म्हणाली.

"मग तिच्या मनात सकाळ व्हती का नव्हती?"

आवारात शेंगा फुटण्याचा आवाज थांबला होता. सासऱ्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

"लिहिनारा बाप्या हाय का बाई?" रुद्रम्मांनी मला विचारलं. बाप्या, मी म्हटलं. त्याचं नाव मी इथे सांगत नाही, बिचाऱ्याची अब्रू कशाला घालवा.

"तरीच. बघा, त्याला तिचं काय करावं ते कळंना. नवऱ्याला परत आनावं, तर तो तसला. दुसरं लगीन लावावं, तर लोक त्याला शिव्या देतील. जिती ठिवावी, तर ती उद्या काय काम करंल, काय खाईल, पोरीला कुठं ठिवंल, हे समदं लिहावं लागंल, आन त्याला त्यातलं ओ की ठो ठाऊक न्हाय. म्हून घाईनं हिरीपाशी नेली तिला. पोरी, यशोदेनं उडी न्हाय मारली. त्यानं ढकलली."

मी पुढे बाहेरून परीक्षा देऊन शिकवायला लागले तेव्हा या विषयावरचे जाडजाड ग्रंथ वाचले. पात्राच्या स्वभावातून शेवट यायला हवा, लेखकाच्या अडचणीतून नव्हे, हे त्यांनी चाळीस चाळीस पानं खर्ची घालून सांगितलं आहे. शेंगांच्या टरफलांत बसून एका निरक्षर बाईने ते सांगितलं तेव्हा मी तिथे होते, याचा मला माझ्या सगळ्या पदव्यांहून जास्त अभिमान आहे. त्या पुढे बारा वर्षं जगल्या, आणि त्यांच्या पायाशी बसून मी आणखी पुष्कळ पुस्तकं वाचली. पण त्या सकाळची सर कशालाच आली नाही.

जगदेवीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने विचारलं, "मग मावशी, यशोदेचं पुढं काय झालं?"

"ते त्याला ठाऊक न्हाय, इतकंच," रुद्रम्मा म्हणाल्या आणि वाळे तिच्या ओटीत टाकले. "तुझ्या पोरीचे तूच घाल तिच्या पायात."

जगदेवीने डोळे पुसले आणि टोपली पुढे ओढली. चार दिवस ती येत राहिली, पण गप्प असायची, आणि रुद्रम्मा शेंगा फोडता फोडता तिच्यावर नजर ठेवायच्या. पाचव्या दिवशी मी नवी कादंबरी उघडली. या वेळी विभूतीची वाटी कुणी पुढे केली नाही. दुसऱ्याच प्रकरणात नायिकेचा बाप कर्जापायी तिला एका म्हाताऱ्याला देऊन टाकतो, आणि ती मान खाली घालून बोहल्यावर चढते. मी पुढचं वाक्य वाचणार, तोच कुणीतरी हात वर केला. मला वाटलं रुद्रम्मा. पण त्या गालातल्या गालात हसत दाणे निवडत होत्या.

"थांब उमाक्का," जगदेवी म्हणाली. "हे मला पटत न्हाय."