साक्षीच्या दिवशी ती छान बोलली

माझी बायको मैसूरची. तिच्या माहेरी कित्येक पिढ्या मराठी टिकली, पण त्यात निम्मं कन्नड. मी नोकरीसाठी सांगलीहून आलो आणि इथलाच झालो. लग्नानंतर सुरुवातीला तिचं "अय्यो, बिडी हो", म्हणजे "जाऊ द्या हो", ऐकलं की मला हसू यायचं. ती हायस्कूलमध्ये गणित शिकवायची. हूटगळ्ळीला शाळेसमोर बसमधून उतरून रस्ता ओलांडताना चुकीच्या बाजूनं आलेल्या एका कारनं तिला उडवलं. तिथं पूर्वी पांढरे पट्टे होते म्हणतात. मी पोचलो तेव्हा डांबरावर पट्टे नव्हते, तिच्या डब्यातलं चित्रान्न सांडलेलं होतं.

मेंदूला मार बसला होता. ऑपरेशन झालं, ती शुद्धीवर आली, हळूहळू चालायला लागली. केस वाढले तशी टाक्यांची खूण झाकली गेली. आमच्या विजयनगर भागातल्या शेजारणी म्हणायच्या, "देवानं वाचवलं. अगदी पहिल्यासारख्या झाल्यात." मी मान डोलवायचो.

पहिल्यासारखं काही नव्हतं. तिला वास येत नव्हता. दूध करपून काळं झालं तरी ती ओट्यापाशीच उभी असायची. अंघोळीला म्हणून उठायची आणि टॉवेल हातात घेऊन कपाटासमोर थांबायची. पुढं काय करायचं ते मला सांगावं लागे. कुकरची शिट्टी, टीव्ही आणि दारावरची बेल एकदम वाजली की ती भडकायची. अशाच एका वेळी तिनं आमच्या मुलीला झारा फेकून मारला. भुवईवर टाके पडले. संध्याकाळी तीच मुलीला जवळ घेऊन विचारत होती, "हे काय गं? कुठं धडपडलीस?"

डॉक्टर म्हणाले, "कपाळामागचा भाग दुखावलाय. आपल्यात काही बिघडलंय हेच त्यांना कळत नाही. आता यापुढं फारशी सुधारणा होणार नाही."

शाळेची नोकरी गेली. तिला एकटं सोडता येईना, आणि मी घरी बसलो तर चूल कशी पेटणार? म्हणून भरपाईचा दावा लावला. आमच्या वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "हात-पाय तुटलेला माणूस न्यायाधीशांना दिसतो. हे दिसत नाही. तुम्हालाच बोलावं लागेल, आणि त्या समोर बसलेल्या असतील."

साक्षीच्या दिवशी तिनं स्वतःहून साडी काढली, निऱ्या नीट घातल्या, मोगरा माळला. मी नुसता बघत राहिलो. कोर्टात त्या कारच्या विमा कंपनीचे वकील तिच्याशी फार अदबीनं बोलले. नाव, शाळा, वर्ग, सगळं तिनं स्वच्छ कन्नडमध्ये सांगितलं. त्यांनी एक गुणाकार घातला, तो तिनं तोंडी केला. "अजून शिकवू शकाल?" असं विचारल्यावर म्हणाली, "का नाही? तुमच्या मुलाला पाठवा, गणित कच्चं असेल तर." न्यायाधीशही हसले.

आणि खरं सांगतो, तेवढ्या वेळात मला वाटलं की ही बरी झाली. दावा बुडाला तर बुडू दे, मला माझी बायको परत मिळाली. मी तिच्याकडे बघून हसलो, तीही हसली.

मग मला बोलावलं. वकीलबाई एकेक विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. गॅस उघडा राहतो. अंघोळ मी घालतो. पाहुण्यांसमोर नको ते बोलते. मुलीच्या टाक्यांचं सांगायची वेळ आली तेव्हा मी खाली बघून पुटपुटलो. "मोठ्यानं सांगा," न्यायाधीश म्हणाले. मग मोठ्यानं सांगितलं. ती पहिल्या बाकावर बसून माझ्याकडे टक लावून बघत होती. अनोळखी माणसानं भर रस्त्यात शिव्या दिल्यावर बघावं, तशी.

बाहेर व्हरांड्यात तिनं माझी बाही धरली. "अहो, माझ्याबद्दल इतकं खोटं का बोललात? मी काय केलं तुमचं?"

घरी पोचल्यावर चपलाही न काढता ती मुलीकडे गेली. "खरं सांग. मी तुला मारलं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. "नाही अम्मा. मी पडले होते."

"बघा," ती मला म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं माझ्या हातची गोळी घेणं बंद केलं. मुलगी देते तेव्हा घेते. अंघोळीला मी दाराशी गेलो की आतून कडी घालते, आणि मी बाहेर उभा राहून पाण्याचा आवाज येतोय का ते ऐकतो. किती वेळा दार ठोठावलं असेल मी.

निकाल आमच्या बाजूनं लागला. कायमचं अपंगत्व आलं आहे, हे कोर्टानं मान्य केलं. वकीलबाईंनी फोनवर अभिनंदन केलं तेव्हा मी जिन्यात बसून रडलो. जी एक आशा मी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती, तीही शिक्का मारून संपवली होती, आणि ती संपवा म्हणून अर्ज मीच केला होता. आता दिवसभर सोबतीला एक बाई येतात. मी कामावर जातो.

परवा लवकर घरी आलो. दार लोटलेलं होतं. आत ती त्या बाईंना समजावत होती, अगदी हळू, माझी काळजी वाटून.

"यांच्यावर रागावू नका हं. माझ्या अपघाताचा धसका घेतला, तेव्हापासून डोक्यावर परिणाम झालाय. काहीही बोलतात. पाप, बिचारा माणूस फार चांगला होता."

मी चपला काढून आत गेलो. ती लगेच उठली आणि मला बसायला खुर्ची पुढं केली.